एकाच पातेल्यातला काढा

ओक्जू परसातल्या रांजणातून आंबवलेल्या कोबीची किमची काढायला गेली, की माल्सून बुटक्या मेजावरचे काढ्याचे वाडगे अलगद फिरवून ठेवी. आपल्यासमोरचा तिच्या जागी, तिचा आपल्यासमोर. मग हात मांडीवर ठेवून, काहीच न झाल्यासारखी भिंतीकडे बघत बसे. ओक्जू आत येई, थंडीने लाल झालेले हात एप्रनला पुसून समोर बसे आणि वाडगा उचलून एका दमात रिकामा करी. माल्सून तिच्या गळ्याकडे बघत राही. घोट उतरतोय की नाही, तोंडात धरून नंतर थुंकते की काय, सगळं बघे. मगच आपला वाडगा तोंडाला लावी.

दोघी जावा. माल्सून थोरली, ओक्जू धाकटी. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, आणि आता दोघेही घरामागच्या टेकडीवर शेजारी शेजारी मातीत निजलेले. लग्न होऊन आल्यापासून माल्सूनचा सगळा जन्म उईसंग गावच्या या एकाच घरात गेला. ओक्जू नवऱ्यामागे मुलीकडे शहरात राहायला गेली होती, पण जावयाशी पटेना, म्हणून बोचकं घेऊन परत आली. "ये बाई, घर रिकामंच आहे," असं माल्सून म्हणाली होती, आणि तेव्हा ते मनापासून म्हणाली होती.

दोघींनी वाट्याने दिलेल्या शेतात चाग्याकची लागवड होती. वैशाखात मोठाल्या गुलाबी फुलांनी सगळं खोरं भरून जातं ते हे झाड, पण गावाला फुलांशी देणंघेणं नाही. औषध असतं ते मुळांत. शरदात मुळं खणायची, उकिडवं बसून सोलायची, वाळवायची. त्या वर्षी सोलणीला या दोघीही बसल्या आणि त्यानंतर दोघींच्या पोटऱ्यांत रात्री गोळे यायला लागले. ओक्जूचा बाप तेगू शहरातल्या औषधी गल्लीत मुळ्या कापायचं काम करायचा, त्यामुळे असल्या गोष्टी तिला पाठ होत्या.

"चाग्याक आणि ज्येष्ठमध, बस्स. बाकी काही नको," ती म्हणाली. "गोळा असा विरघळतो बघा, की पाय आपला आहे का शेजारणीचा, कळत नाही."

आणि खरंच तसं झालं. एकाच पातेल्यात उकळायचं, फडक्यातून पिळायचं, दोन वाडग्यांत ओतायचं. गोडसर लागायचं. गोळे थांबले. मात्र हिवाळा लागता लागता माल्सूनच्या पायांतून जोर जायला लागला.

आधी जमिनीवरून उठताना हात टेकावा लागे. मग सकाळी तोंड सुजलेलं, बोटातली अंगठी निघेना. डोकं जड, छातीत मधूनच धडधड. आणि समोर ओक्जू, तोच काढा पिऊन, टुणटुणीत. परसातला बर्फ झाडायची, कोबीच्या पाट्या उचलायची, वर गुणगुणायची.

"आज कसं वाटतंय, जाऊबाई?" रोज सकाळी ती विचारी, आणि विचारताना माल्सूनच्या तोंडाकडे जरा जास्तच निरखून बघे. पीठ आंबलं की नाही ते झाकण उघडून बघावं, तसं.

माल्सूनच्या मनात संशय शिरला तो या बघण्यामुळे. मग एकदा शिरल्यावर त्याला खायला घालायला काय कमी? एका संध्याकाळी भोपळ्याची पेज पिता पिता ओक्जू म्हणाली होती, "आपल्या दोघींमागे हे घर कुणाचं हो?" तेव्हा माल्सून हसली होती. आता ते वाक्य रोज आठवायला लागलं. आणि त्याच्या मागून आठवल्या सासूबाई.

सासूबाईंच्या शेवटच्या आजारात माल्सून इथे नव्हती. मुलगा ग्यूते याच्या बायकोचं बाळंतपण होतं, म्हणून ती काही महिने तेगूला होती. तेव्हा याच घरात राहणाऱ्या ओक्जूच्याच हाती म्हातारीचं सगळं. परत आली तेव्हा म्हातारीचं तोंड सुजलेलं आणि पाय ओल्या दोरीसारखे, आणि थोड्याच दिवसांत ती गेली. "वय झालं," असं सगळे म्हणाले. "धाकटीने किती केलं, काढे करून करून पाजले," असंही म्हणाले.

काढे करून करून पाजले. माल्सून ते शब्द पुन्हा पुन्हा उगाळी.

म्हणून ती वाडगे फिरवायला लागली. पण पाय काही सुधारेनात. मग तिने विचार केला, ही माझ्याहून चलाख आहे. मी फिरवणार हे ओळखून आपल्याच वाडग्यात घालत असेल. म्हणून एक दिवस फिरवलेच नाहीत. नंतर कधी फिरवी, कधी नाही. कधी, हे स्वतःलाही आधी ठरवू देत नसे. तरी तिची तब्येत ढासळतच होती, आणि ओक्जूच्या गालांवर लाली होती.

काढा सोडून का नाही दिला? सोडला तर पायात गोळे येणार हे एक. आणि सोडला की ओक्जूला कळणार, हिला कळलंय.

गावात किमची घालायचा दिवस आला. अंगणात मीठ लावलेल्या कोबीचा ढीग, बायकांची बडबड, तिखटाने लाल झालेले हात. माल्सून कोबीचा गड्डा उचलायला वाकली आणि वाकलेलीच खाली बसली. पाय ऐकेनात. हसायला गेली, तर मानही उचलेना.

इस्पितळात तिच्या हाताला नळी लावली. डॉक्टर सोल तरुण, गोल चष्म्याचा, हळू बोलणारा होता. म्हणाला, "आजी, तुमच्या रक्तातलं पोटॅशियम पार तळाला गेलंय. ते नसलं की स्नायू चालत नाहीत. हृदयसुद्धा एक स्नायूच आहे, म्हणून घाबरायला हवं. रक्तदाबही चढलाय. काही काढा, मुळ्या, कुणी दिलेलं औषध घेता का?"

माल्सूनने पलंगाशी उभ्या असलेल्या ग्यूतेकडे बघितलं. मागे एका डॉक्टरने काढ्यावरून तिला सगळ्यांसमोर झापलं होतं, आणि ग्यूतेने घरी येऊन त्याच्या दुप्पट झापलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "मी कुठला काढा घेतेय."

नळीतून पोटॅशियम गेलं, इस्पितळाचं अळणी सार पोटात गेलं, आणि हळूहळू पाय हलायला लागले. सूज उतरली. माल्सून छताकडे बघत एकच हिशेब मांडत होती. ओक्जूच्या हातचं सुटलं आणि पाय आले. याहून आणखी काय पुरावा पाहिजे?

घरी आल्यावर तिने जाहीर केलं, "यापुढे काढा मी करणार."

ओक्जू पातेलं घासत होती. तिने मान वर केली नाही. "करा की. पण आत्ताच आजारातून उठलात. थोडे दिवस चुलीपाशी नका बसू."

"का? चुलीपाशी तुझं काही ठेवलंय का?"

"माझं काय असणार? घर तुमचं, चूल तुमची," ओक्जू म्हणाली आणि पाणी फेकायला बाहेर गेली.

माल्सूनने पातेलं स्वतः पुन्हा घासलं. मुळ्या स्वतः मोजल्या, पाणी स्वतः भरलं, उकळेपर्यंत जागची हलली नाही. वाडग्यात ओतल्यावरही दोन्ही वाडगे नजरेआड होऊ दिले नाहीत. तिच्या हातचा काढा ओक्जूही निमूट प्यायली.

आणि पौर्णिमा यायच्या आत माल्सूनचं तोंड पुन्हा सुजलं.

आता ती खरी घाबरली. हात माझा, पाणी माझं, मग विष येतंय कुठून? मुळ्यांतून? ओक्जूने मुळ्यांनाच काही लावून ठेवलं असेल. मग तिने मुळ्यांचं पुडकं जाकिटाच्या आत लपवलं आणि काठी टेकत बाजारातल्या नो म्हाताऱ्याच्या दुकानात गेली. नो आयुष्यभर मुळ्या विकत आलेला. त्याने ज्येष्ठमधाची काडी मोडली, हुंगली, चावली. चाग्याक उजेडात धरून बघितलं.

"चांगला माल आहे. तुमच्या धाकटीने माझ्याकडूनच नेलाय की."

"काही लावलेलं नाही ना वर?"

"लावलेलं म्हणजे?"

"म्हणजे काही नाही."

नो तिच्याकडे बघत काडी चघळत राहिला. "जावाजावांचं काही बिनसलंय का?" त्याने विचारलं. माल्सूनने पुडकं ओढून घेतलं आणि वाटेत विचार केला, हा तिच्याच माहेरच्या गल्लीत शिकलेला. हा कशाला खरं सांगेल?

घरी आली तर ओक्जू दारात उभी. नोने मुलाच्या फटफटीवरून निरोप पोचवला होता, की नुसतीच वाऱ्याने बातमी आणली, कोण जाणे.

"मुळ्या तपासून आणल्यात?" ओक्जूने विचारलं.

माल्सूनने काठी भिंतीला टेकवली. धाप लागली होती.

"काय म्हणाला नो? किती विष आहे?"

"मी विषाचं नाव काढलं नाही."

"काढलं नाहीत, पण रोज वाडगे फिरवलेत," ओक्जू म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "माझ्या वाडग्याच्या बुडाला टवका उडालाय, जाऊबाई. तुम्हाला दिसत नाही, पण रोज धुते मी. बोटाला लागतो. मी बाहेरून आले की माझा वाडगा तुमच्यासमोर."

"मग पीत का होतीस? बोलली का नाहीस?"

"प्यायले नसते, तर तुमची खात्रीच पटली असती. आणि खरं सांगू? मला वाटायचं, तुम्हीच माझ्यासाठी त्यात काही घालताय. घरात मी नको झाले तुम्हाला. आधी तुमच्या तोंडाकडे बघायचे ते काळजीने. नंतर बघायचे ते, ही मनात काय योजतेय म्हणून. रोज घोट घेताना वाटायचं, हा शेवटचा. पण प्यायचे. म्हटलं, जावयाच्या दारात परत जाण्यापेक्षा हे बरं."

माल्सूनला सुचलं ते भलतंच. "सासूबाईंनाही असंच झालं होतं," ती म्हणाली. "तोंड सुजलं, पाय गेले. तेव्हाही काढे तूच देत होतीस."

ओक्जूच्या तोंडावरचा रंग उतरला. मग आत गेली, बोचकं बांधलं आणि गावच्या म्हाताऱ्या बायकांच्या खोलीत राहायला गेली. गावकीने बांधलेल्या त्या उबदार फरशीच्या खोलीत एरवी बायका दिवसभर पत्ते कुटत बसतात. सगळ्या गावाला संध्याकाळच्या आत सगळं कळलं.

दुसऱ्या दिवशी माल्सूनने उरलेला काढा बाटलीत भरला, फडक्यात गुंडाळला आणि बसने इस्पितळ गाठलं. डॉक्टर सोलपुढे बाटली ठेवून म्हणाली, "यात विष आहे. शोधून द्या."

डॉक्टरने बूच काढून वास घेतला. "आजी, मागच्या वेळी तर म्हणालात, काढा घेत नाही."

"तेव्हा मुलगा होता."

"यात काय आहे?"

"चाग्याक आणि ज्येष्ठमध."

डॉक्टरने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "किती दिवस घेताय?" त्याने विचारलं, मग "रोज?" विचारलं, मग तिच्या पायावर अंगठा दाबून पडलेला खळगा बघितला. शेवटी म्हणाला, "विष कुणी घातलेलं नाही. ज्येष्ठमधच आहे हे. ते जास्त दिवस घेतलं तर काही माणसांचं पोटॅशियम लघवीवाटे वाहून जातं आणि मीठ-पाणी अंगात साठतं. सूज, रक्तदाब, पायातला जोर जाणं, सगळं त्यानेच."

माल्सूनला हे पटलं नाही. डॉक्टर लोक काढ्याचा दोष काढतातच. "मग माझी जाऊ? तीही तोच पिते, तितकाच. एकाच पातेल्यातला. ती कोबीच्या पाट्या उचलते."

डॉक्टर पुढे झुकला. "तुमचं पोट रोज साफ होतं का, आजी?"

"हे काय विचारणं झालं?"

"सांगा तरी."

"नाही होत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी."

"आणि त्यांचं?"

"तिला जेवण झालं की पळावं लागतं. सगळ्या गावाला माहीत आहे."

मग डॉक्टरने जे सांगितलं ते माल्सूनने तीनदा विचारून घेतलं. ज्येष्ठमधातलं जे गोड द्रव्य असतं, त्याच्या पाठीवर साखरेची ओझी बांधलेली असतात. ती असेपर्यंत ते आतड्याच्या भिंतीतून रक्तात जातच नाही म्हटलं तरी चालेल. पण आतड्यात जंतूंचं मोठं गाव वसलेलं असतं, आणि त्यातल्या काही जंतूंना ती ओझी सोडवायला येतात. ओझं सुटलं की उरलेलं द्रव्य हलकं होऊन रक्तात शिरतं, आणि मूत्रपिंडात जाऊन घोळ घालतं. कुणाच्या पोटात असे जंतू पुष्कळ, कुणाच्या थोडे. त्यातून ज्याचं पोट साफ होत नाही, त्याच्याकडे जंतूंना काम करायला भरपूर वेळ मिळतो.

"म्हणजे ते माझ्याच पोटात तयार होतं?"

"तसंच म्हणा. पण हा माझा अंदाज आहे. तेगूच्या विद्यापीठात माझा मित्र हेच तपासतो. खात्री करायची तर तुमची विष्ठा लागेल, आणि तुमच्या जाऊबाईंचीही. ताजी."

माल्सून दोन प्लास्टिकच्या डब्या घेऊन परतली. अख्ख्या वाटेत तिला एकच प्रश्न पडला होता, हे मागायचं कसं?

म्हाताऱ्यांच्या खोलीत पत्त्यांचा डाव रंगला होता. ती आत शिरताच सगळ्यांनी माना वर केल्या. ओक्जू भिंतीला टेकून लसूण सोलत होती.

"ओक्जू, जरा बाहेर ये."

"जे काही असेल ते इथेच बोला. माझ्याबद्दल सगळं यांच्यासमोरच बोलून झालंय."

माल्सूनने डबी पुढे केली. "डॉक्टरला तुझी विष्ठा पाहिजे."

कुणाच्या तरी हातून पत्ते पडले. एक म्हातारी म्हणाली, "आता तीही वाटून घ्यायची का तुम्हाला?" आणि खोलीभर हशा पिकला. ओक्जू हसली नाही. सोललेल्या पाकळ्या तिने एका बाजूला सारल्या.

"त्यात तरी विष सापडेल असं वाटतं?"

"नाही," माल्सून म्हणाली. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर होत्या, तरी ती उभीच राहिली. "डॉक्टर म्हणतो, खोट माझ्याच पोटात आहे. पण तुझ्याशी ताडून बघितल्याशिवाय कळणार नाही. मला तुझ्यावर संशय होता हे खरं. अजूनही थोडा आहे. तो गेला तर बरं, म्हणून आलेय."

ओक्जूने डबी घेतली. "एवढं खरं बोललात, तेच पुष्कळ झालं," ती म्हणाली.

निकाल आला तेव्हा डॉक्टरने दोघींना एकदमच बोलावलं. मित्राने दोघींच्या विष्ठेत तोच काढा घालून, हवाबंद, अंगाच्या उबेएवढ्या गरम जागी ठेवला होता. माल्सूनच्या डबीतलं गोड द्रव्य सकाळपर्यंत जवळजवळ सगळं सुटं झालं होतं. ओक्जूच्या डबीत ते बरंचसं तसंच होतं. डॉक्टरने कागदावर दोन रेघा काढून दाखवल्या, एक खाली घसरणारी, एक जवळपास सपाट.

माल्सून त्या घसरणाऱ्या रेघेकडे बघत होती. सगळा हिवाळा ज्या दुष्टाला ती घरभर शोधत होती, तो तिच्या पोटात, पोटॅशियम पळवत बसला होता. तिला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही थोडं. पण शेजारी ओक्जू का गप्प आहे, हे तिला कळेना, आणि जुन्या सवयीने तिने तिच्या तोंडाकडे निरखून बघितलं.

"डॉक्टर," ओक्जू म्हणाली, "म्हातारं माणूस असेल, अंथरुणाला खिळलेलं. कित्येक दिवस पोट साफ होत नसेल. त्याला कुणी खोकला बरा व्हावा म्हणून रोज ज्येष्ठमधाचा काढा पाजला. भरपूर. आणि त्याचं तोंड सुजलं, पाय गेले. तर?"

डॉक्टरने दोघींकडे आळीपाळीने बघितलं. "कधीची गोष्ट आहे ही?"

"जुनी."

"मग आता कुणालाच सांगता येणार नाही. म्हाताऱ्या माणसाला सूज यायची शंभर कारणं असतात."

"पण हेही असू शकतं."

"असू शकतं," डॉक्टर म्हणाला. खोटं बोलायला तो अजून शिकला नसावा.

बसची वाट बघत दोघी बाकावर बसल्या. वारा बोचत होता. माल्सूनने बराच वेळ शब्द जुळवले आणि मग अगदी सहज बोलल्यासारखं म्हणाली, "सासूबाईंचा कोठा हलका होता, नाही का? जेवल्या की पळायच्या. तुझ्यासारख्याच."

ओक्जू रस्त्याकडे बघत राहिली. "शेवटचे सगळे महिने त्यांचं सगळं मी काढलंय, जाऊबाई. त्यांचं पोट कसं होतं, ते तुम्ही मला सांगणार?"

बस आली. चढताना तिचा पाय पायरीवर अडखळला, तेव्हा ओक्जूने मागून कंबरेला हात दिला आणि आत बसल्यावर काढून घेतला.

ओक्जू घरी परतली, पण चुलीवर काहीही उकळायला ती तयार होईना. साधं बार्लीचं पाणीसुद्धा माल्सूनच करी. पायात गोळे आले तर दोघी एकमेकींच्या पोटऱ्या रगडत. माल्सूनचं तोंड पूर्वीसारखं झालं, अंगठी निघायला लागली. ओक्जूचं मात्र जेवण तुटलं. गावात अजून कुजबुज होतीच. बायका म्हणत, डॉक्टरला काय कळतंय, काहीतरी असल्याशिवाय का ती बाई अशी खंगतेय. ते शब्द माल्सूनच्या कानावर आले, की ती बोलणारणीच्या अंगणात जाऊन उभी राही आणि म्हणे, "पोट माझं, निकाल माझा. तुला बघायचाय का कागद?"

सासूबाईंचं श्राद्ध थंडी सरता सरता येई. ग्यूते तेगूहून आला. मेजावर म्हातारीचा फोटो, मेणबत्त्या, भात, मुळ्याचं सार, सुकवलेली मासळी, फळं. ओक्जू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच थांबली होती. ग्यूतेने तांदळाची दारू ओतली आणि नमस्काराला पुढे झाला, तेव्हा माल्सून म्हणाली, "थांब. आधी ओक्जू."

"आई, रीत तशी नाही. आधी घरातल्या पुरुषाने करायचं."

"रीत मला माहीत आहे. तिच्याआधी या घरात मी आले. आधी तिला करू दे."

ओक्जू हळूहळू पुढे आली. मग गुडघे टेकले, कपाळ हातांवर टेकलं, आणि उठली नाही. ग्यूते आईकडे बघायला लागला. माल्सूनने त्याला डोळ्यानेच गप्प केलं, भिंतीला धरून स्वतः खाली बसली आणि धाकट्या जावेच्या शेजारी कपाळ टेकून तशीच राहिली. मेजावरचं सार गार होत होतं.

"उठ आता," शेवटी ती हलक्या आवाजात म्हणाली. "त्यांना गार सार चालायचं नाही."

"तुम्ही गरम करून आणा," ओक्जू म्हणाली. कपाळ अजून खालीच होतं.

माल्सून ओक्जूच्या खांद्याचा आधार घेऊन उठली आणि साराचं भांडं घेऊन आत गेली.